आधी थांबला, मग बुडाला

वन्सं, महापालिकेच्या तलावावर पोरींची उन्हाळी बॅच सुरू झाली बरं का. पलीकडच्या गल्लीतल्या पोरी रिक्षात दाटीवाटीनं बसून जातात आणि ओल्या केसांनी वडापाव खात परत येतात. आपली पोरगी, श्रावणी, त्यांच्यात नाही. ती गॅलरीतून बघते. घ्या, जिंकलात. इतकी वर्षं या घरात चाललेलं एकच भांडण तुम्ही जिंकलात, आणि मी हार कबूल करायला बसले तर ऐकायला तुम्ही जाग्यावर नाही. हे मला अजिबात पटलेलं नाही. भांडण अर्धं टाकून उठायची सवय तुम्हाला कधीच नव्हती.

लोक अजून भेटायला येतात. चहा होतो, "फार वाईट झालं" म्हणून होतं, मग कपबशी खाली ठेवता ठेवता विचारतात, "पण झालं काय नक्की?" मी म्हणते, हृदय बंद पडलं. "म्हणजे अटॅक." अटॅक नव्हता हो, नळ्या मोकळ्या होत्या. "मग बीपी असेल. शुगर? टेन्शन?" यातलं काहीच नव्हतं. शवविच्छेदन करणारे डॉक्टर म्हणाले, हृदय चांगलं धडधाकट दिसतंय, ते बंद का पडलं हे त्याच्याकडे बघून कळत नाही. लोकांना हे आवडत नाही. चाकणच्या कंपनीत फोर्कलिफ्ट चालवणारी, दोन माणसांचं एकटी जेवणारी, पंचेचाळिशीची बाई हसता हसता खाली पडते आणि कारण सापडत नाही, असं कसं? त्यांना काहीतरी कारण हवं असतं, म्हणजे ते आपल्या घरात नाही असं म्हणून निवांत झोपता येतं. परवा वरच्या आळीतल्या काकू म्हणाल्या, "बाईमाणसानं एवढी अवजड गाडी चालवायची म्हणजे..." मी म्हटलं, काकू, गाडी अवजड असते, पण ती चालवायची असते, डोक्यावर घ्यायची नसते. त्या चहा न पिताच गेल्या. तुम्ही असतात तर याहून तिखट बोलला असतात. मी आपली तुमच्या मानानं गरीबच.

मी राजगुरुनगरहून सून म्हणून या घरात आले तेव्हा सगळ्यांनी बजावलं होतं, थोरल्या नणंदेपासून जपून राहा. तुम्ही तेव्हा सासरी होतात. वर्षभरात ते सासर सोडून आलात, एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात प्रेशर कुकर. शेजारणी दारातच टपून होत्या. "माहेरी आलीस का गं?" एकीनं गोड आवाजात विचारलं. "घरी आले," तुम्ही म्हणालात, आणि कुकर माझ्या हातात कोंबलात. "ह्यो माझा हाय. ह्याची शिट्टी नीट व्हते. तुमचा दे टाकून." मी मनात म्हटलं, मेले आता. दुसऱ्या दिवशी उठून स्वयंपाकघरात जाते तर चहा तयार, तुम्ही ओट्याला टेकून उभ्या. "वैशे, या घरात तुला काय काय आवडत न्हाई ते एकदा सांगून टाक. तू सून हाईस, तुला बोलता येणार न्हाई. मी बोलते."

आणि बोललात की हो! पुढची खोली पाहुण्यांसाठी म्हणून वर्षानुवर्षं बंद होती, पाहुणे कधी त्यात बसले नाहीत. तुम्ही ती झाडून माझं शिवणयंत्र तिथं ठेवलंत आणि दारावर 'ब्लाऊज, फॉल-पिको' अशी पाटी ठोकलीत. पहिलं गिऱ्हाईकही तुम्हीच. "ब्लाऊजला खिसा पायजे." मी म्हटलं, ब्लाऊजला कुठं खिसा असतो का? "आबांच्या, तुझ्या सासऱ्याच्या, कोपरीला हाय. आमी काय पाप केलंय?" तेव्हापासून तुमचा एकही कपडा मी बिनखिशाचा शिवला नाही. पंजाबी ड्रेसला दोन, झब्ब्याला एक, साडीवरच्या ब्लाऊजला आतून एक. त्या खिशांत काय काय असायचं! शेंगदाणे, रिकाम्या पुड्या, श्रावणीची क्लिप, कंपनीचं ओळखपत्र. कपडे भिजवायच्या आधी तुमचे खिसे तपासणं हे माझं कायमचं काम होतं.

तुम्ही तेव्हा पॅकिंगला होतात. कंपनीनं एकदा विचारलं, बायकांपैकी कुणाला फोर्कलिफ्ट शिकायची आहे का. सगळ्या हसल्या, तुम्ही नाव दिलंत. पहिल्यांदा माल उचलायची वेळ आली तेव्हा डिस्पॅचची सगळी माणसं चहाचे कप घेऊन तमाशा बघायला उभी राहिली होती, हे तुम्हीच आम्हाला दहा वेळा सांगितलंय आणि दर वेळी माणसं वाढलेली असायची. तुम्ही मालानं भरलेलं पॅलेट उचललंत, वळवलंत, सगळ्यांत वरच्या फळीवर नेऊन ठेवलंत. खाली उतरून एकाच्या हातातला चहा घेतलात, पिऊन टाकलात. "बघून झालं असंल तर लागा कामाला, राव." पुढे पुढे तर आपल्या गल्लीत टेम्पो अडकला की ड्रायव्हर चावी घेऊन आपल्या दारात यायला लागले. "ताई, जरा काढून देता का?" मी गळ्यात टेप अडकवून दारात उभी राहायची आणि गिऱ्हाइकांना सांगायची, आमच्या वन्सं आहेत त्या. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर डोक्यावर बसला असतात.

मजेत असलात की तुम्ही डावा गाल पुढे करायचात. "हात लाव, वैशे. अजून गरम हाय. खरं बोलल्याची हाय ती."

ती गोष्ट या घरात सगळ्यांना पाठ आहे, तरी आज पुन्हा सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. तुम्ही नऊ वर्षांच्या होतात. सोपानकाका, तुमच्या वडिलांचे धाकटे भाऊ, लग्न ठरलेला देखणा गडी, इंद्रायणीचा डोह या काठापासून त्या काठापर्यंत एका दमात कापायचे. त्या दिवशी तुम्हाला काठावरच्या खडकावर कपड्यांची राखण करायला बसवलं आणि पाण्यात उतरले. पाणी शांत होतं. निम्म्यात गेले, आणि पाण्याबाहेर काढलेला हात तसाच राहिला. हाक नाही, धडपड नाही, पाणी उडालं नाही. मग ते खाली गेले. माणसं जमली, त्यांना बाहेर काढलं, आणि त्या सगळ्या आकांतात एक नऊ वर्षांची पोरगी मोठ्यानं म्हणाली, "काका बुडाला न्हाई. आधी थांबला, मग बुडाला." तुमच्या आईनं साऱ्या गावासमोर तुमच्या थोबाडीत ठेवून दिली. तिचा दीर समोर पडलेला, सासू ऊर बडवतेय, आणि ही कार्टी काय बडबडतेय!

अर्धं गाव म्हणालं, पिऊन उतरला असेल. उरलेलं म्हणालं, साती आसरांनी नेला, पाण्यातल्या त्या बायकांना देखणा पोरगा दिसला की राहवत नाही. सोपानकाकांनी दारूला कधी हात लावला नव्हता, पण बोभाटा असा झाला की घरात त्यांचं नाव निघेनासं झालं. भिंतीवर फोटोसुद्धा लागला नाही. आणि डोहाकाठी शेंदूर लावलेले सात दगड आहेत, त्यांना दर चैत्रात भावकीतल्या बायका हिरव्या बांगड्या आणि नारळ वाहायला लागल्या. तुम्ही एकदाही गेला नाहीत. "माझा काका बेवडा न्हवता, आन् त्याला न्यायला कुठली बाईबी आली न्हवती. मी तिथं हुते."

आता मला सांगा, असं ठणकावून बोलणाऱ्या बाईनं पोरीला पोहायला पाठवायचं म्हटलं की आडवं का पडावं? मी भीमेत पोहून मोठी झालेली. पोरीला पोहता आलंच पाहिजे हे माझं म्हणणं, आणि दर उन्हाळ्यात तुमचं एकच. "यंदा नको. पुढच्या वर्षी बघू." सरकारी कचेरीत सुद्धा इतक्या वर्षांत काम झालं असतं.

"तुम्ही आसरा मानत नाही ना, वन्सं?"

"न्हाई."

"तलावात पाणी छातीएवढं असतं. जीवरक्षक असतो."

"असू दे."

"मग कारण सांगा."

"कारण मला ठावं न्हाई. मला जे दिसलं ते ठावं हाय."

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. टनभर माल डोक्यावरून फिरवणारी बाई आणि पाण्याचं नाव काढलं की हिची पार आजीबाई होते! हे मी तुम्हाला तोंडावर म्हटलंय. तुम्ही हसायचात. "म्हण की. पोरगी घरात हाय ना? मग म्हण." श्रावणी दोघींवर रुसून वरच्या खोलीत जायची आणि थोड्या वेळानं तुम्हीच तिला भेळ घेऊन वर जायचात. माझी कधी भेळ आणायची हिंमत झाली नाही, कारण मग मी हरले असं झालं असतं.

यंदा मात्र मी ठाम होते. पोरगी दहावीत जाणार, पुढे क्लास, पुढे कॉलेज, कधी शिकणार मग? महिला दिनाला तुमच्या कंपनीत बायकांची रस्सीखेच होती. सकाळी तुम्ही दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्यात, श्रावणीकडून केस घट्ट बांधून घेतलेत. मी मागे उभी राहून म्हटलं, "या एप्रिलात मी तिला पाठवणार म्हणजे पाठवणार." तुम्ही चपला घालत होतात. "आल्यावर भांडू गं. आज दोर वढायचाय. दम राखून ठेवते." हे तुमचं शेवटचं वाक्य. मी अजून वाट बघतेय, वन्सं. माझे सगळे मुद्दे तयार होते.

पुढचं मला पॅकिंगच्या बायकांनी सांगितलं. त्या ओट्यावर ओळीनं बसल्या होत्या आणि एकमेकींची वाक्यं पुरी करत होत्या. डिस्पॅच विरुद्ध पेंट शॉप. तुम्ही सगळ्यांत शेवटी, कमरेला दोर गुंडाळून. दोर निम्मा तिकडे गेला होता, तुम्ही टाचा रोवल्यात आणि असं काही ओरडलात म्हणे की पेंट शॉपच्या पोरी हसायलाच लागल्या, आणि हसण्यात त्यांचा दोर सुटला. जिंकलात. दोन्ही हात वर केलेत, मागे वळून हसलात आणि तशाच कोसळलात. अंगाला झटके आले. कुणीतरी ओरडलं, फिट! मग सगळं तसंच झालं जसं आपल्याकडे होतं. एक कॅन्टीनमध्ये कांदा आणायला धावली. एकीनं चप्पल नाकाशी धरली. एकीला आठवलं, लोखंड द्यायचं हातात. तिनं तुमच्या ड्रेसच्या खिशातून फोर्कलिफ्टची चावी काढली आणि तुमच्या मुठीत दाबली. मूठ मिटली म्हणे. सगळ्यांना बरं वाटलं. "धरली, धरली." फिट थोड्या वेळात जाते, म्हणून सगळ्या वारा घालत बसल्या. सेफ्टीचा माणूस धावत येऊन छाती दाबायला लागला तोवर तुम्ही गेला होतात.

मी त्यांना बोल लावत नाही. मी तिथं असते तर मीही चप्पलच शोधली असती. हृदय थांबलं की सुरुवातीला झटके येऊ शकतात, ते फिटसारखेच दिसतात, आणि तेव्हा श्वास चालू आहे का बघून लगेच छाती दाबायला लागायचं असतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. ज्या बाईनं चावी मुठीत दिली ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मी तिला म्हटलं, तिला ती गाडी फार आवडायची, तू तिची चावी तिच्या हातात दिलीस, रडू नकोस. तिच्यासाठी म्हटलं, पण खरंही तेच आहे. खिसा मी शिवलेला होता, वन्सं. तो कुणाला इतक्या पटकन सापडायला नको होता, असं मला राहून राहून वाटतं. चावी तुमच्याबरोबर घरी आली आणि दिवसकार्य झाल्यावर तुमच्या भावानं ती कंपनीत नेऊन दिली. आता ती गाडी पॅकिंगचीच एक मुलगी चालवते. तुम्हीच तिला शिकवलं होतं म्हणे.

शवविच्छेदनाच्या डॉक्टरांनी निघताना एक गोष्ट सांगितली होती. कारण सापडत नाही तेव्हा रक्ताच्या नात्यातल्यांनी तपासून घ्यावं. भाऊ, भावाची मुलं. तुमचा भाऊ, म्हणजे आमचे हे, म्हणाले, "कारण सापडलं न्हाई तर तपासायचं काय?" ऐकायला बरोबर वाटतं, पण मी तुमच्या हाताखाली तयार झालेली आहे. बसा गाडीवर म्हटलं.

श्रावणीला घेऊन चिंचवडला हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तरुण होत्या, शांत होत्या. तुमची फाईल समोर ठेवून त्यांनी विचारायला सुरुवात केली. तुम्हाला कधी चक्कर आली होती का? मला आठवलं, तळवड्याच्या रस्त्यावर कुत्रं मागे लागलं आणि तुम्ही गाडी थांबवून रस्त्याच्या कडेला बेशुद्ध पडला होतात. चतुर्थी होती, आम्ही सगळ्यांनी उपासावर ढकललं, तुम्हीसुद्धा. घरात कुणी असं तरुणपणी, अचानक गेलंय का? तुमचा भाऊ म्हणाला, न्हाई. झोपेत? पळताना? न्हाई. "पाण्यात?" हे म्हणाले, "एक चुलते बुडून गेले, पण ते येगळं." बाईंनी विचारलं, "पोहता येत नव्हतं का त्यांना?" "गावात त्यांच्यासारखा पोहणारा न्हवता." "मग बुडाले कसे?"  हे तेव्हा कडेवरचं पोर, आणि घरात काय ऐकलंय तर दारू आणि आसरा. डॉक्टरांना काय सांगणार?

मग मी बोलले. मी म्हटलं, "ते बुडाले नाहीत. आधी थांबले, मग बुडाले."

बाईंचं लिहिणं थांबलं. "म्हणजे?"

मी सगळं सांगितलं. शांत पाणी, पाण्याबाहेर काढलेला हात, हाक नाही, धडपड नाही. तुमच्या शब्दांत सांगितलं, एक शब्द माझा घातला नाही. त्यांनी विचारलं, "हे कुणी पाहिलं?"

"तुमच्यासमोर ज्यांची फाईल आहे ना, त्यांनीच."

वन्सं, त्या खोलीत कुणी हसलं नाही. कुणी गप्प बस म्हणालं नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तुमचं ते वाक्य एका माणसानं नीट ऐकलं आणि लिहून घेतलं. मला तेव्हा रडूच फुटलं, आणि तुमच्या भावाला वाटलं मी घाबरले.

साध्या पट्टीत, म्हणजे ईसीजीत, श्रावणीचं काहीच दिसलं नाही, सगळं छान. पण बाईंनी तेवढ्यावर सोडलं नाही. चालत्या पट्ट्यावर उभं केलं, छातीला वायरी लावल्या. पोरगी शाळेचे बूट घालून चालायला लागली, मग भरभर, मग पळायला. बाई पडद्यावरून नजर हलवत नव्हत्या. एका क्षणी त्यांचा हात बटणावर गेला आणि पट्टा थांबला. "मला काही होत नाहीये," श्रावणी म्हणाली, "मी अजून पळू शकते." तिला खरंच काही होत नव्हतं. पण पडद्यावर ठोके उलटसुलट पडायला लागले होते, मोठे, वाकडे, एकाला एक न जुळणारे. मला त्यातलं काही कळत नाही, पण ते तसे असायला नकोत एवढं कळलं. तुमच्या भावालाही त्या पट्ट्यावर पळवलं, त्यांच्या पट्टीतही तसंच दिसलं, तिच्या मानानं कमी.

रोज गोळी. एकही दिवस चुकवायची नाही. शर्यत नाही, स्पर्धा नाही. आणि पोहणं अजिबात नाही. बाई म्हणाल्या, हे घराण्यात उतरतं, हृदय दिसायला धडधाकट असतं पण दमछाक झाली किंवा दचकलं की त्याचे ठोके बिघडतात, आणि पाण्यातली दमछाक त्याला फार वाईट. मी विचारलं, एप्रिलात मी तिला तलावावर पाठवणार होते, पाठवलं असतं तर?  त्यांनी मला गोळ्या कशा घ्यायच्या ते पुन्हा समजावून सांगितलं.

तुमच्याबद्दल मात्र त्या म्हणाल्या, खात्रीनं सांगता येणार नाही. हेच असावं असं वाटतं, रक्ताच्या तपासण्या पाठवल्यात, त्यातूनही कळेलच असं नाही, कागदावर कदाचित 'कारण अज्ञात' असंच राहील. राहू दे. तुम्ही स्वतःच तर म्हणायचात, कारण मला ठावं न्हाई. त्या शब्दांचा मला किती राग यायचा! आता वाटतं, किती सोपं होतं तुम्हाला काहीतरी कारण चिकटवून मोकळं होणं. आसरा म्हटलं असतंत तर भावकी खूश झाली असती. दारू म्हटलं असतंत तर गाव खूश झालं असतं. तुम्ही दोन्ही नाकारलंत आणि हातात फक्त जे डोळ्यांनी दिसलं ते धरून बसलात, एवढी वर्षं, एकट्या. माझ्या शिव्या खाऊन. मला नसतं जमलं.

पण एका गोष्टीवरून मी अजून भांडणार आहे. तुम्ही पोरीला पाण्यापासून जपलंत, मग स्वतःला का नाही जपलंत? त्या कुत्र्याच्या दिवशी तुम्हाला काही वेगळं जाणवलं होतं का? छातीत काही झालं होतं का? तुम्ही काहीच बोलला नाहीत. तुम्हाला वाटत होतं, जे काय आहे ते त्या पाण्यात आहे. ते तुमच्याच अंगात घेऊन तुम्ही शिफ्ट करत होतात, टेम्पो काढून देत होतात, दोर ओढत होतात. हे तुम्हाला कुठून कळणार होतं? कुणालाच नाही कळलं. तरी भांडणार आहे. दुसरं करू काय?

तुमच्या कंपनीतल्या बायकांनी मागणी करून छाती दाबायचं प्रशिक्षण घेतलं, मलाही बोलावलं. मी घरी येऊन उशीवर सराव केला. सासूबाई म्हणाल्या, "उशीचा कापूस बाहीर काढशील." श्रावणीच्या शाळेतल्या बाईंनाही शिकवून आले. त्यांनी आधी तोंड वाकडं केलं, मग मी तुमची गोष्ट सांगितली, मग त्या खाली गुडघ्यावर बसल्या. श्रावणी चिडते, म्हणते मला काचेच्या भांड्यासारखं वागवू नका. मी म्हटलं, बरं. परवा मी भेळ घेऊन वर गेले. तिनं खाल्ली. म्हणाली, आत्याची भेळ जास्त तिखट असायची.

आईंना, म्हणजे तुमच्या आईला, मी सगळं सांगितलं. त्यांच्या शेजारी बसून हळूहळू सांगितलं, की डॉक्टरांना वाटतंय सोपानकाकांचंही हेच झालं असावं, आधी हृदय थांबलं असावं आणि मग ते खाली गेले असावेत. त्या फक्त "व्हय?" म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. जेवल्या नाहीत. तुमच्या भावानं कुठून तरी काकांचा जुना फोटो शोधून मोठा करून आणला आणि तुमच्या फोटोशेजारी लावला. त्या त्याच्याकडे बघत बसायच्या.

मग चैत्र आला. तुम्हाला जाऊन वर्ष झालेलं नाही, तेव्हा यंदा आपल्या घरातून नारळ नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी भावकीतल्या बायका निघाल्या त्या सकाळी आई लुगडं नेसून दारात उभ्या. "मला नदीवर ने." मी म्हटलं, आई, यंदा वाहायचं नसतं. "वाहायचं न्हाईच. नुसतं ने." श्रावणी पण आली, मी तिला काठापासून लांब उभं केलं. नदीची काय दशा झालीय तुम्हाला माहीत आहे, अर्धी जलपर्णी आणि अर्धा फेस. बायका दगडांपाशी बांगड्या मांडत होत्या. आई तिकडे गेल्याच नाहीत. त्या सरळ त्या खडकापाशी गेल्या, जिथं तुम्ही कपडे राखत बसला होतात, आणि तिथून त्यांनी सगळ्यांना हाक मारली.

"ऐका गं. माझी पोरगी खोटं बोलली न्हवती. सोपान प्यालेला न्हवता. आधी थांबला व्हता, मग बुडाला. डाक्टरला इचारून सांगते."

एक म्हातारी म्हणाली, "जाऊ दे गं आता, गेली बिचारी."

"जाऊ कसं दिऊ? हितंच मारली व्हती तिला. तुमी सगळ्या व्हता."

 बांगड्या तशाच राहिल्या. श्रावणी पुढे आली, तिनं आजीचा हात धरला. तिला ही गोष्ट पाठ आहे, पण थोबाडीत बसल्यावर पुढे काय झालं ते तुम्ही आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. तिनं विचारलं, "आजी, मग आत्या गप्प बसली?"

आईंनी त्या खडकाकडे बघितलं.

"गप कुठली बसती? गाल धरला आन् परत तेच म्हणाली."